रूपकातून केहरव्यात जाताना : टाइम सिग्नेचर बदलली की पानाची मांडणी का हलते

नागपूरच्या धरमपेठेतील एका शाळेच्या समूहगायनासाठी स्टाफ नोटेशन (पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी) तयार करणाऱ्या संगीतशिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गीताचे धृपद केहरवा या आठ मात्रांच्या तालात आहे, मधले कडवे रूपक या सात मात्रांच्या तालाच्या सहा आवर्तनांचे (पूर्ण फेऱ्यांचे) आहे आणि कडव्यानंतर पुन्हा केहरवा येतो. त्यांनी संपूर्ण गीत म्यूझस्कोअर या स्वरलेखनाच्या प्रोग्राममध्ये आधी ४/४ मध्ये भरले. (४/४ किंवा ७/८ ही टाइम सिग्नेचर, म्हणजे माप: एका बारमध्ये, म्हणजे दोन उभ्या बारलाइनमधल्या खणात, किती आणि कोणत्या लांबीचे ठोके मावतात ते सांगणारे चिन्ह.) मग कडव्यानंतर जिथे केहरवा येणार, त्या सुमाराच्या बारलाइनवर ४/४ चे चिन्ह ठेवले आणि शेवटी कडव्याच्या आरंभी ७/८ ठेवले. परिणामी केहरव्याची सम (आवर्तनाची पहिली मात्रा) सरकली, कुठूनतरी एट्थ नोटची (४/४ बारच्या आठव्या भागाएवढी) एक विश्रांती उपटली, नको तिथे टाय (दोन स्वरचिन्हे जोडून एकच स्वर दाखवणाऱ्या कमानी) दिसू लागले, बारांच्या रुंदीत ताळमेळ राहिला नाही आणि एका ओळीच्या शेवटी बारलाइनच्या पलीकडे ४/४ चे एक सुटे चिन्ह छापले गेले. हे सर्व दोष आहेत की प्रोग्रामची रीतच अशी आहे, आणि व्हायोलिन, हार्मोनियम व गायकांचे पार्ट (प्रत्येकाची वेगळी पाने) काढण्यापूर्वी काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

यांतील शेवटच्या दोन गोष्टी दोष नाहीत. पहिल्या दोन गोष्टी मात्र चिन्हे ज्या क्रमाने ठेवली गेली त्यातून आल्या आहेत, तिसरी बार नव्याने बांधले गेल्यामुळे आली आहे, आणि तो क्रम समजून घेतला की बाकीचे बरेचसे आपोआप उलगडते.

कागदावर आपण ७/८ लिहितो तेव्हा वाचणाऱ्याला एक सूचना देतो. पुढच्या बारलाइन आपणच हाताने ओढणार असतो. प्रोग्रामच्या लेखी टाइम सिग्नेचर हा पुढच्या सगळ्या काळाच्या विभागणीचा नियम असतो. चिन्ह ठेवताच तिथपासून पुढच्या टाइम सिग्नेचरपर्यंत, आणि पुढे चिन्ह नसेल तर गीताच्या अखेरपर्यंत, सर्व बार मोडून नव्या मापाने पुन्हा बांधले जातात. म्यूझस्कोअर असे करतो; सिबेलियस या दुसऱ्या प्रोग्राममध्ये पुढच्या टाइम सिग्नेचरपर्यंतचे बार नव्याने लिहावेत की नाही, हे चिन्ह ठेवतानाच निवडता येते; फिनालेतही बार पुन्हा बांधण्याचा असाच पर्याय होता. म्हणजे दोन चिन्हांमधला प्रदेश हा एक बंद डबा आहे, आणि त्या डब्यात किती एट्थ नोट आहेत यावरच पुढचे सारे अवलंबून असते.

आपल्या गीतापुरते हे मोजून पाहू. रूपकाची मात्रा एट्थ नोटची धरली, तर सहा आवर्तनांचे कडवे ४२ एट्थ नोटचे होते. ४/४ च्या एका बारमध्ये ८ एट्थ नोट मावतात, म्हणून ४/४ मध्ये भरलेले कडवे पाच पूर्ण बार व्यापून सहाव्या बारच्या दुसऱ्या एट्थवर संपते आणि केहरव्याची सम त्याच सहाव्या बारच्या तिसऱ्या एट्थवर येते. त्या जागी बारलाइन नसल्यामुळे आपण ४/४ चे चिन्ह साहजिकच त्यानंतरच्या, म्हणजे सातव्या बारच्या आरंभी ठेवले. आता डब्यात सहा बार, म्हणजे ४८ एट्थ नोट बंद झाल्या. मग कडव्याच्या आरंभी ७/८ ठेवल्यावर प्रोग्रामने त्या ४८ एट्थ नोट सात-सातच्या बारांत वाटल्या. पहिले सहा बार बरोबर रूपकाचे झाले, उरलेल्या सहा एट्थ नोट केहरव्याच्या पहिल्या सहा मात्रा होत्या, त्या सातव्या ७/८ बारमध्ये अडकल्या आणि तो बार भरण्यासाठी प्रोग्रामला एका एट्थची विश्रांती घालावी लागली. उपटलेली विश्रांती ती हीच. पुढे जिथे ४/४ चे चिन्ह दिसते, तिथे केहरव्याची सातवी मात्रा आहे. सम तिच्या सहा मात्रा आधीच, चुकीच्या मापात, वाजून गेलेली आहे.

उपाय एवढाच की चिन्हे डावीकडून उजवीकडे ठेवत जावे. पहिल्या प्रयत्नातील बदल अन्डू करून मूळ ४/४ च्या अवस्थेत परत यावे. बिघडलेल्या अवस्थेवर आणखी चिन्हे ठेवून दुरुस्ती करू पाहू नये, कारण मध्ये आलेली विश्रांती ही आता गीताचा खरा भाग झालेली असते आणि प्रत्येक नव्या बांधणीत ती सोबत फिरत राहते. मग आधी कडव्याच्या आरंभी ७/८ ठेवावे. त्या क्षणी गीताचा पुढचा सगळा भाग सात-सातच्या बारांत जाईल आणि पान काही काळ अगदी विचित्र दिसेल, पण कडव्याचे सहा बार जागच्या जागी आलेले असतील आणि केहरव्याची सम नेमकी सातव्या बारच्या आरंभीच्या बारलाइनवर उभी असेल. आता तिथे ४/४ ठेवावे. गीतात कितीही बदल असले तरी याच रीतीने पुढे सरकत गेल्यास प्रत्येक नवे चिन्ह खऱ्या समेवरच पडते.

याहून चांगला मार्ग म्हणजे एकही सूर भरण्यापूर्वी रिकाम्या बारांवर सगळी टाइम सिग्नेचर ठेवून घेणे. आपल्याकडे बंदिश किंवा चाल आधीच ताललिपीत बांधलेली असते. भातखंडे पद्धतीच्या कागदावर सम, खाली (टाळी न देण्याची मात्रा) आणि विभाग (आवर्तनातील मात्रांचे गट) स्पष्ट असतात आणि आवर्तने मोजता येतात. तो कागद समोर ठेवून बारांचा सांगाडा आधी उभारला, तर पुनर्बांधणीचा प्रसंगच येत नाही. पाश्चात्त्य संगीतरचनाकाराला हा सांगाडा बहुधा लिहिता लिहिता सापडतो, आपल्याला तो तालाने आयता दिलेला असतो, आणि हा फायदा सोडू नये असे मला आग्रहाने वाटते.

टायचे कारणही याच बांधणीत आहे. बारलाइन ओलांडणारा स्वर एकाच चिन्हाने लिहिता येत नाही, त्याचे दोन तुकडे करून ते टायने जोडावे लागतात. आपण ४/४ मध्ये भरताना आठव्या आणि नवव्या एट्थवर पसरलेला एक स्वर असेल, तर तो बारलाइनमुळे दोन एट्थ नोटमध्ये तुटला असणार. ७/८ झाल्यावर हेच दोन तुकडे दुसऱ्या आवर्तनाच्या पहिल्या आणि दुसऱ्या मात्रेवर येतात, तिथे सरळ एक क्वार्टर नोट (दोन एट्थ नोटएवढा स्वर) हवी असते. म्यूझस्कोअरच्या साधनांत लयीची गटवारी पुन्हा करण्याची आज्ञा आहे, तिचा उपयोग करावा, मात्र ७/८ सारख्या विषम मापात तिने केलेली विभागणी डोळ्यांखालून घालावी. नियम असा ठेवावा की रूपकाच्या ३+२+२ या विभागांच्या सीमा वाचकाला दिसल्या पाहिजेत. तिसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पसरलेला स्वर क्वार्टर नोटने लिहिता येतो हे खरे, पण विभागाची सीमा झाकली जाते. तिथे दोन एट्थ नोट आणि टाय हेच गायकाला सोयीचे पडते.

निरनिराळ्या प्रोग्रामांच्या स्वभावातला फरकही इथे ध्यानात घ्यावा, कारण शाळेत एक प्रोग्राम आणि वादकाकडे दुसरा अशी स्थिती नेहमीचीच असते. स्टाइनबर्ग कंपनीच्या, २०१६ मध्ये आलेल्या डोरिकोत स्वर बारांत साठवलेले नसतात. प्रत्येक स्वर त्याच्या जागेसह आणि लांबीसह साठवला जातो आणि बारलाइन व टाय हे त्यावरचे दर्शन असते. त्यामुळे तिथे माप बदलून परत फिरवले तर टाय आपोआप मिटतात. शिवाय शेवटचा बार अपुरा राहत असेल, तर इन्सर्ट मोड चालू असताना प्रोग्राम तेवढा काळ वाढवून बार पूर्ण करतो आणि तो बंद असताना स्वर जागचे हलवत नाही. लिलीपाँडचा स्वभाव याच्या अगदी उलट आहे. १९९६ पासून विकसित होत असलेल्या या मुक्त प्रणालीत आपण संगीत मजकुराच्या रूपात लिहितो आणि आपण लिहिलेला स्वर ती स्वतः होऊन तोडत नाही. बार संपला असे जिथे आपल्याला वाटते, तिथे उभ्या रेघेची खूण लिहून ठेवली, तर हिशेब चुकताच ती इशारा देते. तालाचा हिशेब तपासण्यासाठी याहून विश्वासू सोबती मला माहीत नाही. फिनालेचा विकास तिच्या कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये थांबवल्याचे जाहीर केले. ज्यांच्याकडे त्या स्वरूपातील जुन्या फायली आहेत त्यांनी त्या म्युझिकएक्सएमएल या, प्रोग्रामांमधील देवाणघेवाणीच्या, स्वरूपात काढून ठेवाव्यात. त्या स्वरूपात माप जिथे बदलते त्या बारसोबत ते आणि प्रत्येक स्वरासोबत त्याची लांबी नोंदली जाते, त्यामुळे बदलती मापे बहुधा शाबूत पोचतात. ओळी कुठे तोडल्या आणि अंतरे किती ठेवली, हे मात्र नव्या प्रोग्राममध्ये पुन्हा ठरवावे लागते.

आता बारांच्या रुंदीविषयी. ४/४ चा बार मोठा आणि ७/८ चा त्याहून जरासा लहान दिसावा, ही आपली अपेक्षा स्वाभाविक आहे, पण छपाईची परंपरा बाराला रुंदी देत नाही, ती स्वराला देते, आणि तीही काळाच्या सरळ प्रमाणात देत नाही. दुप्पट लांबीच्या स्वराला दुप्पट जागा दिली, तर पूर्ण नोटचा बार ओसाड दिसतो आणि जलद स्वरांची गर्दी होते. म्हणून बहुतेक प्रोग्राम दुप्पट काळाला साधारण दीडपट जागा देतात, तर लिलीपाँड प्रत्येक दुपटीमागे एक ठरावीक जागा मिळवतो. दीडपटीचा हिशेब धरून क्वार्टर नोटला १ एकक जागा दिली, तर एट्थ नोटला सुमारे ०.६७ एकक मिळते. चार क्वार्टर नोटचा ४/४ बार ४ एककांचा होतो, सात एट्थ नोटचा ७/८ बार ४.६७ एककांचा होतो आणि आठ एट्थ नोटचा ४/४ बार ५.३३ एककांचा. काळाने लहान असलेला रूपकाचा बार संथ केहरव्याच्या बारापेक्षा रुंद दिसतो तो यामुळे, आणि ते योग्यच आहे, कारण डोळा स्वर वाचतो.

यावर आणखी एक थर चढतो. ओळ डाव्या समासापासून उजव्या समासापर्यंत भरायची असल्याने उरलेली जागा प्रोग्राम स्वरांमध्ये वाटतो. टाइम सिग्नेचर, क्लेफ (रेघांवरील स्वरस्थाने ठरवणारे चिन्ह) आणि की सिग्नेचर (कोमल-तीव्र स्वरांची आरंभीची खूण) यांची रुंदी मात्र ताणली जात नाही. मध्ये येणारे प्रत्येक माप, आजूबाजूचे अंतर धरून, स्टाफच्या दोन रेघांमधील फटीच्या तीन-चार पट जागा खाते. एका ओळीत दोन-तीन मापे बदलली की तेवढी जागा स्वरांच्या वाट्यातून जाते आणि त्याच मापाचा बार एका ओळीत सैल, तर दुसरीत दाटलेला दिसतो. गीताचे शब्द लिहिलेले असतील तर हा परिणाम अधिक जाणवतो, कारण जोडाक्षरांनी भरलेला रुंद शब्द स्वरांना एकमेकांपासून दूर ढकलतो. बार हाताने ओढून सारखे करण्याचा मोह इथेच होतो, आणि तो टाळावा. पार्ट काढताना पानाची रुंदी वेगळी असते, वादकांच्या पार्टमध्ये शब्द नसतात, मग ती ओढाताण निरर्थक ठरते किंवा आड येते. आपल्या हातात असलेले खरे साधन म्हणजे ओळ कुठे तोडायची हे ठरवणे. मापबदल ओळीच्या आरंभी येईल अशी मोड दिली की ओळीतील सर्व बार एकाच मापाचे होतात आणि रुंदीचा प्रश्न बहुतांशी सुटतो. कडव्याचे सहा बार तीन-तीनच्या दोन ओळींत बसत असतील, तर दुसरा विचारच करू नये.

अशी मोड दिली की आपण विचारलेले ते सुटे चिन्ह हमखास दिसणार. नवे माप ओळीच्या आरंभी असेल, तर आधीच्या ओळीच्या अखेरीस, शेवटच्या बारलाइननंतर, तेच माप पूर्वसूचना म्हणून छापण्याचा संकेत आहे आणि जवळपास सर्व प्रोग्राम तो पाळतात. वादकाची नजर हाताच्या पुढे असते; ओळ बदलताना नवे माप अचानक समोर आले तर पहिला बार हमखास चुकतो. पान उलटण्याच्या जागी तर ही सूचना जीव की प्राण असते. ती लपवण्याची सोय म्यूझस्कोअरमध्ये त्या टाइम सिग्नेचरच्या गुणधर्मांत आहे, सिबेलियसमध्ये चिन्ह ठेवतानाच तसा पर्याय मिळतो आणि लिलीपाँडमध्येही ती झाकता येते. पण ती फक्त तिथेच लपवावी जिथे एक स्वतंत्र गीत संपून त्याच पानावर दुसरे सुरू होते. तशा जागी म्यूझस्कोअरमध्ये सेक्शन ब्रेक (एक भाग इथे संपला अशी खूण) द्यावा, म्हणजे पूर्वसूचना आपोआप थांबते. आपल्या गीतात ती राहू द्यावी.

रूपकाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण मांडणीच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी प्रोग्रामला तालाची विभागणी न सांगणे हेच असते. ७/८ एवढे लिहिल्याने सात मात्रा कळतात, ३+२+२ कळत नाही. सातच्या मापाची गटवारी प्रोग्राम आपल्या ठरीव रीतीने करतो आणि ती रूपकाशी जुळेलच असे नाही. दीपचंदीचे अर्धे आवर्तन ३+४ असे असते, तेही ७/८ मध्येच लिहिले जाते, आणि दोन्हींचे बीम (एट्थ नोटना गटाने जोडणाऱ्या जाड रेघा) एकसारखे दिसले तर तबलजी सोडून इतर कोणालाही फरक कळणार नाही. म्हणून टाइम सिग्नेचरच्या गुणधर्मांत जाऊन बीमची गटवारी ३, २, २ अशी करून घ्यावी. म्यूझस्कोअरमध्ये ही गटवारी त्या विशिष्ट चिन्हासोबत राहते, गीतात पुढे दुसरे ७/८ ठेवले तर त्याला ती आपोआप मिळत नाही. तेव्हा जुळवलेले चिन्ह पॅलेटमध्ये (प्रोग्राममधील चिन्हांच्या संचात) साठवून प्रत्येक वेळी तेच वापरावे. डोरिकोत माप लिहितानाच गट सांगता येतात आणि ते छापायचे की लपवायचे हेही ठरवता येते. लिलीपाँडमध्येही मापासोबत गटांची रचना देता येते.

छापताना वरचा अंक ३+२+२ असा दाखवावा का, हा निवडीचा भाग आहे. पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्या, पण रूपक न ऐकलेल्या व्हायोलिनवादकासाठी तो पहिल्यांदा दाखवणे मला इष्ट वाटते. मात्र हा अंक रुंद असतो आणि प्रत्येक वेळी छापला तर ओळीतील पहिला बार उगाच उजवीकडे सरकतो, म्हणून नंतर साधे ७/८ पुरे. दादऱ्यासाठीही असाच विवेक लागतो. सहा मात्रांचा ३+३ हा ताल ६/८ मध्येच लिहावा. ३/४ मध्येही सहा एट्थ नोट मावतात, पण तिथे मापाची विभागणी दोन-दोनच्या जोड्यांची असते आणि पानावर वेगळाच ताल उभा राहतो. दहा मात्रांच्या झपतालासाठी १०/८ चा एक बार करून २+३+२+३ अशी गटवारी द्यावी. ५/८ चे दोन बार केले तर आवर्तन मध्येच तुटल्यासारखे दिसते आणि सहाव्या मात्रेवरील खाली वाचणाऱ्याला समेसारखी भासते. विभाग अधिक ठळक हवे असतील तर बारच्या आत तुटक बारलाइन घालता येते, ती मापाच्या हिशेबात धरली जात नाही.

ऐकून तपासताना एक भेद मनात असू द्यावा. प्रोग्रामचा मेट्रोनोम प्रत्येक बारच्या पहिल्या ठोक्यावर जोर देतो, रूपकाची सम मात्र खालीच्या मात्रेवर असते. मुलांना सरावासाठी ती फाइल ऐकवणार असाल, तर मेट्रोनोम बंद करून तबल्याचा ठेका वेगळ्या स्टाफवर भरावा, नाहीतर तीं तीं ना या आरंभाचा हलकेपणा मुलांच्या कानात बसणारच नाही.

रूपक आणि केहरवा यांत मात्रेची गती तीच राहणार असेल, तर बदलाच्या बारलाइनच्या वर ‘एट्थ नोट = एट्थ नोट’ अशी खूण द्यावी. प्रोग्राम क्वार्टर नोटची गती कायम ठेवतो, म्हणून ऐकताना सर्व ठीक वाटते. पण पान वाचणाऱ्याला ते कळण्याचा दुसरा मार्ग नसतो. बारलाइन मात्र साधी एकेरी ठेवावी. माप बदलले म्हणून दुहेरी रेघ लागत नाही, ती गीताचा भाग बदलल्याचे सांगण्यासाठी राखून ठेवावी.

एका स्टाफवर एक माप आणि दुसऱ्यावर दुसरे, अशी गरज या गीतात नाही. पुढे कधी पडली तर म्यूझस्कोअरमध्ये कंट्रोल दाबून चिन्ह एकाच स्टाफवर सोडता येते, पण बारलाइन सर्वांच्या एकत्रच राहतात.

पार्ट काढण्यापूर्वी शेवटचा विचार विश्रांतींचा करावा. व्हायोलिनला कडव्यात वाजवायचे नसेल, तर पार्टमध्ये रिकामे बार एका जाड आडव्या चिन्हात गोळा होतात आणि वर बारांची संख्या येते. माप जिथे बदलते तिथे ही गोळाबेरीज तुटते, आणि तुटायलाच हवी. धृपदातील चार रिकामे बार आणि कडव्यातील सहा मिळून दहाची एकच विश्रांती छापली, तर मोजणाऱ्याला सहा बार सातने मोजायचे आहेत हे कळणार नाही. अशा लांब विश्रांतीनंतर परतताना गायकांच्या ओळीतील शेवटचे काही शब्द लहान आकारात इशारा म्हणून द्यावेत, विशेषतः पुन्हा केहरवा सुरू होतो तिथे.

पार्टचा स्टाफ सुमारे ७ मिलिमीटर उंचीचा ठेवावा. डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहासारख्या मोठ्या रंगमंचावर दोन वादक एका स्टँडवरून वाचत असतात आणि अंतर नेहमीपेक्षा जास्त असते. पान उलटण्याची जागा मापबदलाच्या लगेच आधी येणार नाही हे पाहावे. तालीम उन्हाळ्यात असेल तर कूलरच्या वाऱ्यात पान सावरण्यात एक बार सहज जातो, आणि तो बार नव्या मापाचा पहिला असता कामा नये. सीताबर्डीत छापायला देताना फाइल पीडीएफ करूनच द्यावी आणि पानाला बसवण्यासाठी आकार लहान करण्याचा पर्याय बंद ठेवण्यास सांगावे, म्हणजे मोजून ठरवलेला ७ मिलिमीटरचा स्टाफ कागदावरही तेवढाच उतरेल.